जिभेला चिकटणारं मडकं

भट्टी उघडली की पहिला मान आप्पांचा. आप्पा म्हणजे कुंभाराचे वडील. नजरेला आता माणसांच्या आकारापलीकडे फारसे काही लागत नव्हते आणि गुडघ्यांनी चाकाशी कधीच फारकत घेतली होती. जीभ मात्र अजून पूर्वीइतकीच तल्लख होती. भट्टीतून निघालेले प्रत्येक मडके सून त्यांच्या हाती देई. ते राख झटकत, मडक्याच्या पोटाला जिभेचे टोक लावत आणि क्षणभर थांबत. जीभ सुळकन निसटली, तर मडके पास. जरा जरी चिकटली, तरी मडक्याच्या अंगात बारीक छिद्रे राहिली असे समजायचे. असे मडके आतले तेल पिणार आणि बाहेर घाम गाळणार. ते शेजारच्या दगडावर शांतपणे आपटले जाई. त्यावर चर्चा नसे.

या घराण्याची मडकी तेल साठवण्यासाठी होती, आणि प्रत्येकाच्या गळ्यावर नखाने उमटवलेली चंद्रकोर असे. माती ओली असतानाच ती उमटवायची. म्हणूनच भट्टीनंतर सदोष निघालेले मडके फोडावेच लागे. कोर असलेले गळके मडके बाजारात दिसणे म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळे फासणे. आता घरोघरी प्लॅस्टिकचे डबे आले होते आणि कोरीच्या मडक्याला गिऱ्हाईक क्वचितच येत असे. तरी भट्टी पेटली की आप्पा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओट्यावर येऊन बसत.

अशाच एका दिवशी कुंभाराची थोरली बहीण, ताई, उन्हातून तरातरा चालत अंगणात शिरली. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि ओट्यावर बसकण मारून म्हणाली, “मला मडकी हवीत. पुष्कळ. आणि साधी.”

“शेतात तेलाची विहीर लागली की काय?” कुंभाराने चाक न थांबवता विचारले.

“लागली असती तर तुझ्याकडे कशाला आले असते? नोकर पाठवला असता.” मग तिचा आवाज उतरला. “बैठकीत शब्द देऊन आलेय मी.”

कुंभाराने चाक थांबवले. ताईने दिलेला शब्द म्हणजे काय, हे तो लहानपणापासून जाणून होता.

उताराच्या पायथ्याशी एक विहीर होती. सगळ्या वस्तीच्या मालकीची. तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. गेली काही वर्षे तळ वरचेवर दिसू लागला, तशी खोल बोअर घेण्याची भाषा सुरू झाली. ती सर्वांत मोठ्याने बोलणारा होता ताईचा शेजारी. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला इंजिन म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे. त्याची लिंबाची झाडे डोळ्यांदेखत वाळत होती. त्याची घाई खोटी नव्हती. पण टेकडीपलीकडच्या वस्तीने अशीच बोअर घेतली होती. सुरुवातीला पाण्याचा फवारा माणसाच्या डोक्यावरून गेला, लोक त्यात नाचले. पुढे बोअर आटली आणि जाताना भोवतालच्या विहिरींनाही घेऊन गेली. आता तिथे पाणी टँकरने येत होते. विहीर सर्वांची, म्हणून बोअरला संमतीही सर्वांची लागणार होती. एकट्या ताईची अडली होती.

“इंजिन म्हणाला, तू नुसती नाही म्हणतेस, दुसरं काय करायचं ते सांग. मी म्हटलं, माझ्या पाळीच्या चौथाई पाण्यात टरबुजाचं पीक काढून दाखवते. ऐन उन्हाळ्यात. काढलं, तर बोअरचं नाव घ्यायचं नाही. नाही काढलं, तर मी स्वतः मशीनवाल्याला बोलवायला जाईन.”

“आणि हे सगळं मडक्यांच्या जिवावर?”

“बियाण्याच्या दुकानात परगावची एक शेतकरीण भेटली होती. तिकडं असंच करतात. मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. भोवती बी टोचायचं. मुळं मडक्याला मिठी मारतात म्हणे आणि हवं तेवढंच पाणी ओढून घेतात. वरून पाणी द्यायला नको, उन्हानं उडून जायला नको.” ती उठली. “साधी कर हं. उगाच राबू नकोस.”

“माझ्या बहिणीच्या शेतात साधी मडकी?” कुंभार म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

मुळे पाणी ओढतात, एवढे त्याने ऐकले. ती ते कशातून ओढणार, हे त्याने स्वतःला विचारले नाही. ताईचा शब्द पणाला लागलेला, त्यात तिची लाडकी विहीर. मग हात आखडता घेऊन कसे चालेल? त्याने माती नेहमीपेक्षा बारीक चाळली, मडकी गुळगुळीत गारगोटीने चकाकेपर्यंत घोटली आणि भट्टी मन लावून तापवली. आप्पांची जीभ एकाही मडक्याला चिकटली नाही. “अशी भट्टी माझ्या हातूनही निघाली नव्हती,” ते म्हणाले, आणि बायकोने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिले.

मडकी पुरली गेली. ताईने भरून झाकणे ठेवली, बी टोचले, आणि ते रुजावे म्हणून प्रत्येक आळ्यात एकदाच ओंजळभर पाणी घातले. कोंब वर आले. ताई रोज झाकण उचलून पाही, तर पाणी काठोकाठ! तिने भावाला निरोप धाडला: “तुझी मडकी म्हणजे जादू आहे. पाणी कमीच होत नाही.” बातमी पसरली. लोक येऊन झाकणे उचलून पाहू लागले. इंजिनसुद्धा एकदा बांधावर उभा राहून, डोके खाजवत, चक्क काही न बोलता परत गेला. कुंभार त्या आठवड्यात वस्तीतून जरा छाती काढूनच फिरला.

मग कोंब माना टाकू लागले.

ताई धावत आली नाही. तिने बोलावणेही धाडले नाही. कुंभाराला ते बाजारात इंजिनच्या तोंडून कळले. “अरे, तुझ्या बहिणीची टरबुजं उपास करतायत! ताट भरलेलं आहे, पण जेवायला कुणी उठत नाही.” भोवतालचे हसले. कुंभार तिथूनच शेताकडे वळला.

ताई एका मडक्याजवळ उकिडवी बसली होती. पाने सुतळीसारखी वळली होती. तिने वर पाहिले आणि जरा सरकून त्याला जागा दिली. कुंभार गुडघ्यांवर बसला आणि मडक्याच्या अंगालगतची माती बोटांनी उकरू लागला. कोपरापर्यंत हात गेला. माती पिठासारखी कोरडी होती. कोवळी पांढरी मुळे मडक्यापर्यंत पोचली होती, त्याच्या चकचकीत पोटावरून घसरली होती आणि तिथेच वाळली होती. आत, बोटभर जाडीच्या मातीपलीकडे, पाणी काठोकाठ उभे होते.

त्याने हात मातीतून बाहेर काढला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीच समोर पुरलेली होती, आणि तिने ताईचे पीक मारले होते.

“ताई, मडकी गळायला हवी होती गं,” तो म्हणाला. “पाण्याला बाहेर यायला वाटच ठेवली नाही मी.”

ताईने त्याच्याकडे बघितले, मग मडक्याकडे. “म्हणजे इतके दिवस मी पाणी शिल्लक राहिलं म्हणून नाचत होते, ते...”

“ते तुरुंगात होतं.”

ती हसेल असे त्याला वाटले नव्हते. पण ती हसली, आणि हसता हसताच पदराने डोळे पुसले. “तरी म्हटलं होतं, साधी कर.”

“पुन्हा करतो. वेळ आहे?”

“थोडा. बी मी आजच भिजत घालते. सावलीत द्रोणांतून रोपं वाढवून ठेवते. मडकी आली की रोपंच लावायची. तेवढे दिवस तरी वाचतील.” ती उभी राहिली. “पण आता चुकायला जागा नाही, राजा.”

कुंभाराने घरी येऊन बायकोला सारे सांगितले. आप्पांना मात्र सांगितले नाही. सांगायचे तरी काय? ज्या दोषासाठी तुम्ही जन्मभर मडकी फोडली, तो दोष मी आता मुद्दाम करणार आहे? ते त्याच्या जिभेवर येईना. त्याने मातीत सुताराकडचा लाकडाचा भुसा कालवला. तो भट्टीत जळून जाईल आणि मागे छिद्रे ठेवील, हा त्याचा हिशेब. मडकी घोटली नाहीत. गळ्यावर कोर काढायला नख आपसूक पुढे झाले, आणि त्याने ते मागे घेतले. घरामागच्या खड्ड्यात हलक्या आचेवर ती भाजून काढली आणि गोठ्याच्या आडोशाला रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघेही ताईकडे जुनी मडकी उकरायला गेली.

दुपारी परतताना वळणावरच त्यांना आवाज ऐकू आला. खळ्ळ. थोडी शांतता. पुन्हा खळ्ळ.

“मामंजी!” बायको पळत सुटली.

आप्पा सावली शोधत भिंतीला धरून घरामागे गेले होते. हाताला मडके लागले. सवयीने गळ्यावर बोट फिरवले, तर कोर नाही. सवयीनेच जीभ लावली, तर ती अशी चिकटली की ओढून काढावी लागली. मग पुढचे. मग त्याच्या पुढचे. गोठ्याच्या दगडाशेजारी खापरांचा ढीग पडला होता आणि त्याच्या मधोमध आप्पा घामाघूम होऊन, शेवटचे मडके मांडीवर घेऊन बसले होते.

“आलात? कुणीतरी आपल्या अंगणात भंगार आणून टाकलंय,” ते म्हणाले. “आपल्या नावावर खपवायचा डाव दिसतोय. एकही सोडलं नाही मी.”

कुंभार त्यांच्यासमोर खापरांतच बसला. “आप्पा, ती माझी होती.”

आप्पांचा चेहरा काही काळ तसाच राहिला. जणू वाक्य कानात शिरले होते आणि आतली जागा शोधत होते. “तुझी? हात बिघडला का तुझा?”

“नाही. मुद्दाम केली.” आणि मग त्याने सगळे सांगितले: पहिली मडकी, काठोकाठ पाणी, वाळलेली मुळे, बाजारातले हसू, ताईचा शब्द. बायको मध्ये एकदाच बोलली. “मामंजी, चूक आमची. तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं!” आप्पांचा आवाज चढला. “मडकी गळकी केली याचं काही नाही रे. पण मला चोरून केलीस? मी काय देव्हाऱ्यात बसवलेला आहे, नुसता नमस्कार करायला? अख्खी भट्टी फुकट गेली माझ्या हातानं, आणि पोरीचा शब्द...” ते थांबले. मांडीवरच्या मडक्याला त्यांनी पुन्हा जीभ लावली. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ. मग निराळ्याच आवाजात विचारले, “किती गळायला हवं?”

कुंभाराला नीटसे कळले नाही. “म्हणजे?”

“म्हणजे भरलं की लगेच रिकामं? तसं असेल तर मडकं कशाला, टोपली पूर की. हे तुझं मडकं फार हावरट आहे. भुसा जास्त पडलाय. सकाळी भरलंस तर दुपारी कोरडं ठणठणीत. पोरीचं चौथाई पाणी चार दिवसांत उडवील हे.” त्यांनी मडके बाजूला ठेवले. फोडले नाही. “जीभ चिकटली पाहिजे. पण ओढल्यावर सोडलीही पाहिजे. मधलं काहीतरी.”

“मधलं कसं करायचं?” कुंभाराने विचारले. पुष्कळ वर्षांनी तो वडिलांना असे काही विचारत होता.

आप्पांनी भोवती चाचपून खापराचा एक तुकडा उचलला आणि हसले. “सामान तर मी फोडून तयारच ठेवलंय. कुटा. चाळा. भुसा कमी करा आणि हा चुरा घाला. खापर मातीला मोकळं ठेवतं, आणि तडकूही देत नाही.”

त्या दिवसापासून अंगणात मुसळाचा आवाज घुमू लागला. सून कुटायची, कुंभार माती मळायचा, आणि आप्पा चुरा बोटांच्या चिमटीत घेऊन “अजून बारीक, अजून बारीक” करत राहायचे. आधी नमुन्यादाखल तीनचार मडकी भाजली. पाण्याने भरून मातीत ठेवली, आणि तिघेही त्यांच्याभोवती असे बसले जणू आत कुणी बाळंतीण आहे. एकाचे पाणी हलेचना. दुसऱ्याचे भराभर खाली गेले. तिसऱ्याच्या भोवती मात्र सावकाश एक ओलसर कडे उमटले, तळहाताएवढे रुंद झाले आणि तिथेच थबकले. माती जेवढी कोरडी, तेवढेच ते देत होते. आप्पांनी त्या मडक्याला जीभ लावली आणि चव लक्षात ठेवावी तसे ओठ मिटून घेतले.

“सापडलं,” ते म्हणाले.

मडकी चाकावरून उतरली तेव्हा कुंभार ती तशीच उन्हात नेऊ लागला. आप्पांनी काठी आडवी केली. “कोर?”

“गळक्या मडक्यावर?”

“गळकं कोण म्हणतं? जे काम सांगितलंय ते करतंय की नाही?”

“करतंय.”

“मग ते चांगलं मडकं झालं. आण इकडं.” आणि थरथरत्या अंगठ्याने, गळा चाचपत, आप्पांनी एकेका मडक्यावर स्वतः कोर उमटवली. काही वाकड्या गेल्या. कुंभाराने एकही सरळ केली नाही.

भट्टी उघडली तेव्हा आप्पा पुन्हा स्वच्छ सदऱ्यात ओट्यावर होते. पहिलेच मडके जिभेवरून निसटले. त्यांनी ते दगडावर आपटले. “जुन्या वळणाचं होतं,” ते म्हणाले, आणि सुनेला हसू आवरेना.

रोपे द्रोणांसकट मडक्यांभोवती लागली. पहिले काही दिवस ताई झाकण उचलायला धजेना. कुंभारच उचलायचा. पाणी थोडे उतरलेले दिसे, रोज थोडे. पाणी कमी झाले म्हणून आनंदाने ओरडणारी भावंडे त्या वस्तीने पहिल्यांदाच पाहिली. पुढे ऊन असे तापले की बांधावरचे गवत पायाखाली चुरचुरे, विहिरीवर पाळीवरून वादावादी होई आणि इंजिनचा आवाजही खोल गेला. उतारावरच्या त्या तुकड्यात मात्र वेली मडक्यांपासून चहूकडे हातपाय पसरत होत्या. दोन आळ्यांच्या मधली माती कोरडी ठणठणीत राहिली, म्हणून तणही उगवले नाही. वरच्या कोपऱ्यात कातळ लागत होता, तिथल्या काही वेली वाळल्या. ताईने त्या उपटल्या नाहीत. “जे झालं ते लोकांना दिसू दे,” ती म्हणाली.

ठरल्या दिवशी बैठक शेतातच भरली. आप्पांना बैलगाडीतून आणले होते. पाळ्या सांभाळणाऱ्या पाटकऱ्याने सर्वांसमोर सांगितले की ताईने चौथाईच्या वर एक घागरही घेतली नाही. उलट शेवटी शेवटी तिने पाळी दोनदा सोडून दिली होती. टरबुजे बाजारातल्या मोठ्या फळांएवढी नव्हती, पण जिकडे बघावे तिकडे ती होती. पानांआडून, बांधाला टेकून, एकमेकांना रेटत.

इंजिन काठीने वेली बाजूला करत फिरला. “बाहेरून छान आहे,” तो म्हणाला. “पण खाली काय चाललंय? पाणी दुसरीकडून मुरत असेल.”

“उकर,” ताई म्हणाली. “तुझ्याच हातानं उकर. कुठलंही.”

त्याने खरोखरच एक मडके निवडले. माती बाजूला केली, हात घातला, आणि मडके वर येईना. दोघातिघांनी मिळून ते उचलले तेव्हा माणसे पुढे सरकली. मडके दिसतच नव्हते. मुळांनी त्याला असे वेढले होते की ते विणलेल्या पिशवीत घातल्यासारखे वाटत होते; पांढरे, ओले, जिवंत जाळे. गळ्याजवळच्या फटीतून तेवढी वाकडी कोर दिसत होती.

मग ताईने एक फळ दगडावर ठेवून कापले. ते तडकन आपणहून उकलले, आणि पाटकऱ्याच्या तोंडून “अगं बाई!” असे निघून गेले, त्याचे सगळ्यांना इतके हसू आले की बैठकीची बैठक मोडली. लोक मनगटावरून रस गाळत खात होते. इंजिनने फोड संपवली, बिया थुंकल्या, हात विजारीला पुसले आणि आज पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “मशीनवाल्याला नको म्हणून सांगतो मी.”

“तू कशाला? मी सांगते. शब्द माझा होता,” ताई म्हणाली, पण तिचा चेहरा असा उजळला होता की इंजिननेही मान खाली घालून हसून घेतले.

मग तो गाडीपाशी गेला. “आप्पा, लिंबाच्या झाडांना चालतील का ही? जरा मोठी लागतील.”

“चालतील. पण मडकं ओळखायला शिकावं लागेल. उद्या कुणी नकली आणून गळ्यात मारलं तर?” आप्पांनी गाडीतले एक मडके त्याच्यापुढे धरले. “जीभ काढ.”

“मी? एवढ्या लोकांत?”

“काढ म्हणतो ना!”

इंजिनने भोवती पाहिले, डोळे मिटले आणि मडक्याच्या पोटाला जीभ लावली. ती चिकटली. त्याने डोळे विस्फारले, काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला, आणि नुसतेच “ऊं, ऊं” झाले. त्या शेतावर इतकी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

“राहू दे थोडा वेळ तसाच,” ताई भावाला म्हणाली.

आप्पा मडके धरून होते. “घाई नको,” ते इंजिनला समजावत होते. “चांगलं मडकं असेल तर आपणहून सोडेल.”